त्रेचाळीस घरं आणि एक घड्याळ

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्या फोटो स्टुडिओत कामाला येणार असं ठरलं तेव्हा मी आठवडाभर भांडी आपटली होती. नवरा-बायकोच्या धंद्यात नणंद म्हणजे रोज डोक्यावर एक परीक्षक, असं माझं मत होतं. ते अगदीच चुकीचं होतं असं आजही म्हणणार नाही.

वन्संची एकोणीस वर्षं बल्बच्या कारखान्यात गेली. काम एकच. पट्ट्यावरून बल्ब यायचा, तो उचलून खोबणीत फिरवायचा, पेटला तर डाव्या खोक्यात, नाही पेटला तर उजव्या. वरच्या साहेबाने सांगून ठेवलं होतं, दहातला एक बघितला तरी चालेल. वन्सं दहाच्या दहा बघायच्या. त्यापायी बोलणी खाल्ली, बढती हुकली, पण हात काही थांबला नाही. कारखान्याला टाळं लागलं आणि त्या भावाकडे राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या घरातला प्रत्येक दिवा लावून, विझवून पाहिला. माळ्यावरचासुद्धा. गल्लीत त्यांना ‘तपासनीस’ म्हणायचे ते काही उगाच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षर. बाईचं शिक्षण बेताचं, पण अक्षर असं की बघत राहावं. आमच्या काउंटरवरच्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारी बाई, पण अक्षराचं कौतुक केलं की कान लाल व्हायचे.

स्टुडिओ आमचा तीन खोल्यांचा. पुढे काउंटरवर मी, मधल्या खोलीत पडदे, दिवे आणि हे, आणि मागच्या बोळकांडीसारख्या खोलीत वन्सं. तिथे टेप चालवायची दोन यंत्रं, एक कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा. व्हिडिओ कॅसेटचे दिवस संपत आले होते. लोक पिशव्या भरभरून कॅसेट आणायचे, आणि वन्सं त्या डीव्हीडीच्या डिस्कवर उतरवून द्यायच्या.

आता यात एक मोठी भानगड होती. कोऱ्या डिस्क मिळायच्या दोन जातींच्या, मायनस आणि प्लस. दिसायला जुळ्या बहिणी. पण बनवणाऱ्या कंपन्यांचं आपसात पटत नव्हतं, आणि भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला. कुणाच्या घरचा प्लेअर मायनस घ्यायचा आणि प्लस बाहेर थुंकायचा, कुणाचा उलट. तिसरी एक जात होती, पेटीत बसवलेली, पुसून पुन्हा लिहिता येणारी. पण ती कुणाच्याच घरी चालेना, म्हणून वन्संनी ती पहिल्याच आठवड्यात बाद केली. राहिल्या दोन. मायनसवाला विक्रेता सोमवारी यायचा, प्लसवाला गुरुवारी. आमच्या यांना सोमवार ते बुधवार मायनस पटायचं, गुरुवारपासून प्लस.

अशात एक दिवस कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या मुख्य बाई आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. हातात कॅसेटची पिशवी. त्यांच्या शाळेत त्रेचाळीस मुलं. मुलं खुणांच्या भाषेत घडाघडा बोलायची, पण घरी गेली की गप्प, कारण आईबापांना ती भाषा येत नव्हती. ‘ये’, ‘जा’, ‘जेव’ एवढ्यावर घरं चालली होती. म्हणून मोठ्या बाई संध्याकाळी आईबापांचा वर्ग घ्यायच्या. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, आणि मागे वर्ग चालवणारं कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी सगळे धडे कॅमेऱ्यापुढे करून ठेवले होते. भूक लागली, दुखतंय, भीती वाटते, मला समजलं नाही, उद्या लवकर येईन. तासाभराचा ऐवज. वर्ष संपताना पालकांची बैठक होती, तिथे प्रत्येक घराला एकेक डिस्क द्यायची होती.

हे लगेच म्हणाले, देऊ की, आणि एखाद्याकडे नाही चालली तर बदलून देऊ. वन्सं मागच्या खोलीतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या.

“बल्ब पेटला नाही तर माणूस भांडायला दुकानात येतो,” त्या म्हणाल्या. “हे लोक येणार नाहीत. आपल्यालाच जमत नाही म्हणतील आणि डिस्क कपाटात टाकतील. मग ते पोर जन्मभर ‘ये’ आणि ‘जा’वर.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, अगदी असंच होईल, मी माझ्या पालकांना ओळखते.

मग वन्संनी काय करावं? स्टुडिओतल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर कॅमेरा लावला आणि अर्धा तास नुसतं घड्याळ टिपलं. का, तर सेकंदाचा काटा जरा अडकला तरी डोळ्याला कळतं. ते एका मायनसवर उतरवलं, एका प्लसवर. दोन्ही सारख्याच दिसतात, गफलत व्हायला नको, म्हणून मायनसवर गोल पांढरा कागदी स्टिकर चिकटवला आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं ‘मायनस’. प्लस तशीच ठेवली. आणि शाळेकडून पत्ते घेऊन ही बाई रोज दुपारी दोन-तीन घरं गाठायला लागली.

मी कपाळावर हात मारला. लोकांच्या घरी जायचं आणि त्यांना तासभर घड्याळ दाखवायचं! एका घरी म्हणे आजीबाईंनी वीस मिनिटं वाट पाहून विचारलं, यात माणसं कधी येणार. दुसऱ्या घरी पाहुणे आले होते, तेही बसले बघत. वन्संना कशाचं काही नव्हतं. मांडीवर वही, डोळा काट्यावर.

एका घराबद्दल मात्र त्या रात्री जेवताना आपणहून बोलल्या. बाप बसचालक, बायको नाही, सहा वर्षांची मुलगी. प्लेअर जुनापुराणा. प्लस त्याने घेतलीच नाही, मायनस मध्येच अडकली. मुलगी मात्र जमिनीवर बसून घड्याळाकडे एकटक बघत होती. चालकाने वन्संना दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाला, ती झोपेत रडते आणि का ते मला विचारता येत नाही, मोठ्या बाई गेल्यावर मला कोण शिकवणार. वन्संनी हे सांगितलं आणि ताट तसंच ठेवून उठल्या.

तीन आठवड्यांत त्रेचाळीस घरं झाली. वहीत निकाल लखलखीत होता. मायनस एकोणीस घरी अडकली, प्लस फक्त चार घरी. वन्संनी सांगितलं, प्लस. यांनी गुरुवारच्या विक्रेत्याकडून प्लसची खोकीच्या खोकी घेतली आणि सोमवारच्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं. चार घरांचं पुढे बघू, असं ठरलं. वन्संनी त्रेचाळीस डिस्क राइट केल्या, एकूण एक आमच्या काउंटरवरच्या प्लेअरवर पूर्ण चालवून पाहिली, आणि तपासून झाली की तिच्यावर गोल स्टिकर लावून मुलाचं नाव लिहिलं. काय ते अक्षर! तो ढीग मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. बैठकीला दहा दिवस होते.

आणि मी घोळ घातला. घोळ म्हणा नाहीतर काय म्हणा. घड्याळाची ती मायनस डिस्क काउंटरवर पडली होती आणि मी तिच्यावर चहाचा कप ठेवला, तोही काठोकाठ भरलेला. स्टिकर भिजून फुगला. माझं धाबं दणाणलं. मी गुपचूप न्हाणीत नेऊन स्टिकर सोलला, डिस्क धुतली, मऊ फडक्याने पुसली आणि उघडीबोडकी जागेवर ठेवून दिली. वन्संना दोन मिनिटांत दिसलं, दिसणारच. मी म्हटलं, जुनीच तर होती, काम झालंय तिचं. खराब झाली का बघू, म्हणून त्यांनी ती काउंटरवरच्या प्लेअरमध्ये घातली.

हा प्लेअर त्या डिस्कवर बाविसाव्या मिनिटाला हमखास अडायचा. आम्ही त्यावर हसायचो. त्या दिवशी बाविसावं मिनिट आलं आणि गेलं. पंचविसावं गेलं. तिसावं गेलं. काटा एकदाही थबकला नाही. मी ‘सुटले बाई’ म्हणत होते, आणि वळून बघते तर वन्संचा चेहरा पांढराफटक.

त्यांनी ढिगातली एक डिस्क उचलली, सुंदर नाव लिहिलेली, आणि लावली. चोविसाव्या मिनिटाला मोठ्या बाईंचे हात हवेत थिजले. ‘मला समजलं नाही’ या धड्यात, अर्ध्यावर.

दोष जातीचा नव्हताच. कागदाचा होता. डिस्क आत गरागरा फिरते, गरम होते, आणि वर चिकटवलेला कागद तिला जरासा तोल सोडायला लावतो. काही प्लेअर ते सोसतात, काही नाही. मायनसवर स्टिकर होता म्हणून मायनस पडली, प्लसवर नव्हता म्हणून प्लस जिंकली. आणि तपासून झाल्यावर वन्संनी स्वतःच्या हाताने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्लसना तोच रोग लावला होता.

मी तेव्हा जे बोलले ते लपवत नाही. मी म्हटलं, वन्सं, तोंडाला कुलूप घाला. स्टिकर काढा, द्या नेऊन, कुणाला कळतंय. एक स्टिकर भिजवून सोलून पाहिला, पण हा चहात मुरलेला नव्हता, त्याच्याबरोबर डिस्कचे थरच उकलले, डिस्क वाया. बरं, मग नव्या राइट करा, म्हटलं, आणि त्या चार घरी तेवढं जाऊन या. प्लसची चाचणी तर खरीच होती ना? माझं गणित चोख होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

“मी बल्ब पेटलेला बघितला आणि मग त्याला काजळी फासली, वहिनी,” वन्सं म्हणाल्या. “घड्याळाची डिस्क चालली म्हणून त्या पोराची चालेल, असं मी कसं म्हणू? ज्याची डिस्क त्याच्या घरी लागली पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर. शेवटपर्यंत.”

भावाला त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, माझं चुकलं, माझ्या अक्षराच्या हौसेपायी झालं. मग चप्पल घालून शाळेत गेल्या आणि मोठ्या बाईंनाही तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मी दारात उभी राहून वाट बघत होते. वाटलं, आता ऑर्डर गेली, नाव गेलं, गल्लीभर टवाळी. वन्सं परत आल्या त्या हातात कागद घेऊन. मोठ्या बाईंनी त्रेचाळीस पत्त्यांपुढे कोण किती वाजता घरी असतं ते स्वतः लिहून दिलं होतं.

दहा दिवस, त्रेचाळीस घरं, प्रत्येकी एक तास. एकट्या बाईला जमणारं काम नव्हतं ते. तिसऱ्या दिवशी वन्संच्या टाचा फुटलेल्या बघितल्या आणि माझं डोकं फिरलं. यांना म्हटलं, काउंटर सांभाळा, आणि अर्धे पत्ते मी घेतले. वन्सं म्हणाल्या, मध्ये उठायचं नाही. मी म्हटलं, उठले तर नाव बदला. पण खरं सांगते, पहिल्या घरी दहाव्या मिनिटाला मला कंटाळा आला होता. मग बघते तर शेजारी बसलेली आई हात हलवून बघतेय, पडद्यावर बघून, चुकत, परत करत. तिचा मुलगा तिच्यासमोर येऊन बसला आणि तिची बोटं धरून नीट करायला लागला. मी तासभर जागची हलले नाही, आणि परत येताना रस्ताभर गप्प होते. मी, गप्प!

नव्या डिस्कवर स्टिकर नव्हता. वन्संनी मधल्या भोकाशेजारच्या पारदर्शक कड्यावर, जिथे काही लिहिलेलं नसतं, बारीक पेनाने मुलांची नावं लिहिली. इतकी बारीक की भिंग घेऊन वाचावीत. अक्षर दाखवायची हौस त्या कड्याएवढी उरली होती.

अडतीस घरी प्लस शेवटपर्यंत चालली. एका घरी अडली, वहीत चालते लिहिलं असूनही, आणि माझ्या चोख गणिताची तिथे वाट लागली. त्या घरी आणि आधीच्या चारांतल्या तीन घरी वन्संनी मायनस नेली, स्टिकर नसलेली. सुरळीत चालली. पुढे सोमवारवाला आणि गुरुवारवाला दोघेही यायला लागले, आणि दोघांनाही वन्सं एकच सांगायच्या, तुमची डिस्क चांगली की वाईट ते मला विचारू नका, कुणाच्या घरी जाणार ते मी आधी विचारते. आमच्या स्टुडिओत तेव्हापासून डिस्क राइट करण्याआधी गिऱ्हाइकाच्या प्लेअरचं नाव लिहून घेतात.

त्रेचाळीसातलं एक घर उरलं. बसचालकाचं. तिथे आम्ही दोघी गेलो. प्लस घेतली नाही, मायनस पुन्हा मध्येच अडली, दोनदा पुसून लावली तरी तेच. त्याचा प्लेअर फक्त बाजारातल्या तयार डिस्क धड चालवायचा, घरी राइट केलेली कुठलीच शेवटपर्यंत नाही. चालक म्हणाला, राहू द्या, बाई, तुम्ही खूप केलंत. मुलगी दाराआडून बघत होती. मी वन्संकडे पाहिलं. त्या उठल्या, म्हणाल्या आलेच, आणि खरोखर अर्ध्या तासात परत आल्या. हातात आमच्या काउंटरवरचा प्लेअर, तारा गळ्यात. यांना विचारलं होतं का? नाही. मला विचारलं असतं तर? माझ्याही तोंडून ‘नाही’ निघालं नसतं, हे तेवढं नमूद करते.

चालक नको नको म्हणायला लागला. वन्संनी सांगितलं की तुमचा दुरुस्तीला नेते, तोवर हा ठेवा. असला प्लेअर दुरुस्त होत नाही हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मला वाटतं त्यालाही माहीत होतं. डिस्क लावली. आम्ही चौघं तासभर बसलो. मुलीने दोनदा बापाचा हात धरून पडद्याकडे बोट दाखवलं.

बैठकीच्या दिवशी मोठ्या बाईंनी व्यासपीठावर वन्संना बोलावलं. त्या गेल्या नाहीत. मी मागून ढकललं तरी गेल्या नाहीत. मोठ्या बाई तिथूनच म्हणाल्या की आज दिलेली प्रत्येक डिस्क तुमच्या घरी लागलेली आहे, आणि ते बघायला कोण आलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळी मुलं एकदम मागे वळली.

चार-पाच महिन्यांनी आम्ही दोघी बाजारातून बसने येत होतो, पुढच्याच बाकावर बसलो होतो. चालक तोच होता, त्याने आरशातून ओळख दिली. त्याची मुलगी शाळेतून त्याच्याच बसने घरी जायची, चालकाच्या मागच्या बाकावर दप्तर घेऊन बसली होती. वन्संना पाहून ती ताडकन उठली. तिने मनगटावर दोनदा बोट आपटलं, हवेत हळूहळू गोल फिरवलं, मग दोन्ही हात छातीशी नेऊन उघडले, बापाकडे बघत. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

बस थांब्यावर उभी होती. चालकाने मान वळवून बघितलं, तिला हातानेच काहीतरी उत्तर दिलं, ती खुदकन हसली. मग तो आमच्याकडे वळला.

“ती म्हणते, ही घड्याळवाली बाई,” तो म्हणाला. “म्हणते, हिने माझे बाबा बोलते केले.”

वन्सं खिडकीबाहेर बघायला लागल्या. कान लालबुंद झाले होते. आमच्या वन्सं आहेत त्या, मी अख्ख्या बसला सांगितलं.